परसातल्या कोंबड्या आणि मोकाट कुत्री

परसात मोकळी सोडलेली कोंबडी आणि गावात मोकळे फिरणारे कुत्रे यांचा वावर एकाच जागेत असतो. उकिरडा, गोठ्यामागची जागा, शेताचा बांध, हातपंपाभोवतीची ओल ही दोघांचीही पोट भरण्याची ठिकाणे. नंदुरबार जिल्ह्यातल्या गावांत आणि पाड्यांवर कोंबड्यांचे जे नुकसान होते, त्याचा एक मोठा भाग या शेजारातून येतो. रोगाची साथ आली की गावभर चर्चा होते. कुत्र्याने एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, उचलली तर ती बातमी त्या घरापुरतीच राहते. अशा एकेका कोंबडीची वर्षभराची बेरीज मात्र मोठी असते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव हे त्याचे सहा तालुके. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या समाजांच्या घरांत कोंबड्या पाळणे हा वेगळा धंदा मानला जात नाही. तो घरसंसाराचाच भाग असतो. पाहुणा आला तर कोंबडी, आजारपणात हाताशी पैसा हवा असेल तर आठवडे बाजारात कोंबडी, वाघदेवाच्या पूजेला कोंबडा, देवमोगरा मातेच्या यात्रेत नवस फेडायलाही कोंबडी. हे धन बहुतेक घरांत बाईच्या ताब्यात असते. अंडी आणि कोंबड्या विकून आलेला पैसा मीठमिरची, औषधपाणी, मुलांच्या वह्या आणि एसटीचे भाडे यांवर जातो. म्हणून कुत्र्याने मारलेल्या कोंबडीचा पहिला फटका घरातल्या बाईच्या हातखर्चाला बसतो.

एका कोंबडीबरोबर काय जाते

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. ती सलग वर्षभर अंड्यावर नसते. बारा-पंधरा अंडी घालते, खुडूक बसते, २१ दिवस अंडी उबवते आणि मग दोन महिने पिले फिरवते. असे तीन-चार फेरे वर्षात होतात. विकत पिले न आणता घरातला कळप टिकतो तो या खुडूक बसणाऱ्या कोंबड्यांवर. घरी दहा-बारा पक्षी असले तरी नीट उबवणाऱ्या आणि पिले सांभाळणाऱ्या माद्या त्यांत दोन-तीनच निघतात.

अंड्यावरची कोंबडी धोका दिसला तरी चटकन उठत नाही. पिलेवाली कोंबडी पळून जाण्याऐवजी पंख फुगवून कुत्र्याच्या अंगावर जाते. कळप वाढवणारी मादीच त्यामुळे सर्वांत आधी सापडते. ती गेली की अंडी थंड पडतात, किंवा आठ-पंधरा दिवसांची पिले उबेविना आणि राखणीविना मरतात. बाजारभावाने मोजले तर नुकसान एका कोंबडीचे दिसते. प्रत्यक्षात त्या घराचा पुढच्या पाच-सहा महिन्यांचा कळप गेलेला असतो.

देशाच्या पातळीवरही हा व्यवसाय किरकोळ नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात परसातले कुक्कुटपक्षी सुमारे ३१ कोटी ७० लाख होते आणि २०१२च्या तुलनेत त्यांची संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. त्याच गणनेत मोकाट कुत्री देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार नोंदली गेली.

मोकाट कुत्री म्हणजे कोणाची कुत्री

मोकाट या एका शब्दात तीन प्रकारची कुत्री मोडतात. पहिले घरचे कुत्रे. त्याला मालक आहे आणि रात्री ते ओसरीवर झोपते, पण दिवसभर कुठे फिरते याकडे कोणी पाहत नाही. दुसरे गावाचे किंवा पाड्याचे कुत्रे. त्याला एक मालक नसतो, चार घरांचे उष्टे खाऊन ते जगते. तिसरी बाजाराच्या जागी, चिकन सेंटरच्या मागे, रस्त्यावरच्या ढाब्यांजवळ आणि कचरा टाकण्याच्या ठिकाणी जमणारी टोळी. पाड्यांवर पहिल्या दोन प्रकारची कुत्री अधिक असतात, नंदुरबार, शहादा, नवापूर यांसारख्या शहरांच्या कडेला तिसऱ्या प्रकारची. उपाय ठरवताना हा फरक आधी ओळखावा लागतो. घरच्या कुत्र्याचा प्रश्न मालकाशी बोलून सुटतो. टोळीचा प्रश्न कचरा आणि निर्बीजीकरण यांना हात घातल्याशिवाय सुटत नाही.

ही कुत्री मुख्यतः शिकारीवर जगत नाहीत. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळरानावर अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी कुत्रे आणि खोकड यांच्या आहाराचा अभ्यास केला. त्यात कुत्र्यांचे खाणे प्रामुख्याने माणसाकडून मिळणारे असल्याचे दिसले. कोंबडी हे त्यांचे रोजचे अन्न नव्हे, संधी मिळाली की साधलेली शिकार आहे. ही संधी अनेकदा माणसाच्याच सवयींतून तयार होते. सणाला कापलेल्या कोंबड्यांची डोकी, पाय, आतडी आणि पिसे परसातच फेकली, किंवा आजाराने मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकली, की कुत्र्याला कोंबडीच्या वासाची आणि चवीची ओळख त्याच घराजवळ होते.

कुत्रा खातो त्याहून जास्त का मारतो

लांडग्याच्या शिकारीचा एक क्रम असतो. भक्ष्यावर नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग, पकड, मारणे, फाडणे आणि खाणे. कुत्रा लांडग्याच्याच वंशातला. पण हजारो वर्षे माणसाजवळ राहिल्यामुळे त्याच्या वागण्यात हा क्रम तुटक झाला आहे. काही कुत्र्यांत फक्त पाठलागाची ओढ उरते, काहींत पकडीपर्यंतची. त्यामुळे पोट भरलेले कुत्रेही पळणाऱ्या कोंबडीमागे धावते. तिची फडफड आणि ओरडणे यांनी ते आणखी चेकाळते आणि एक कोंबडी निपचित पडली की दुसरीकडे वळते. मारलेल्या कोंबड्या न खाता जागोजाग पडलेल्या दिसतात त्या यामुळे.

उघड्या जागेत कोंबड्या चारी दिशांना पळतात, झुडपात शिरतात, झाडावर किंवा छपरावर चढतात. तिथे एखाद-दुसरी जाते. बंद जागेत, म्हणजे कच्च्या खुराड्यात किंवा जाळीच्या आवारात, कुत्रे शिरले तर पळायला वाटच नसते आणि एका रात्रीत सगळा कळप संपू शकतो. कमकुवत खुराडा म्हणूनच खुराडा नसण्याइतकाच, कधी त्याहूनही, घातक ठरतो. दोन-तीन कुत्री एकत्र आली तर धोका आणखी वाढतो. एक पुढून हुसकावते, दुसरे मागून पकडते, आणि एकटे असताना कोंबडीकडे न पाहणारे कुत्रेही टोळीत असताना मारायला शिकते.

धोक्याच्या वेळा आणि महिने

दिवसात दोन वेळा जोखमीच्या असतात. पहाट ते सकाळी आठ-नऊ आणि दिवेलागणीचा तास. याच वेळांत कुत्री सर्वाधिक फिरतात. कोंबड्याही याच वेळी खुराड्यातून बाहेर पडतात किंवा आत शिरण्यासाठी दारापाशी घुटमळतात.

वर्षाचा हिशेब जिल्ह्याच्या कामधंद्याशी जोडलेला आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती वेचायला घरातली माणसे उजाडण्यापूर्वीच बाहेर पडतात. जाताना खुराड्याचे दार उघडले जाते, आणि कोंबड्यांच्या सर्वांत जोखमीच्या वेळी घरी राखण करणारे कोणी उरत नाही. दिवाळीनंतर सातपुड्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत आणि इतरत्र जातात. मागे म्हातारी माणसे, थोड्या कोंबड्या आणि कुत्री राहतात. रोजची भाकर बंद झालेले कुत्रे भुकेपोटी शेजारच्या परसाकडे वळते. याच सुमारास, हिवाळ्यात, कुत्र्यांची पिले जन्माला येतात आणि पाजणाऱ्या कुत्रीची भूक वाढलेली असते. पावसाळ्यात ज्वारी, मका आणि गवत उंच वाढते. कोंबड्या किडे टिपत पिकात शिरतात, कुत्र्यालाही दडायला आडोसा मिळतो आणि घरातून काही दिसत नाही.

सातपुड्यातल्या पाड्यांची रचनाही जोखीम वाढवते. घरे एकमेकांना लागून नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेतात, दुसऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असते. कोंबड्यांना चरायला भरपूर जागा मिळते, पण शेजारणीची नजर आपल्या परसावर राहत नाही.

मारेकरी कोण, हे ओळखणे

कोंबडी गेली की दोष बहुधा कुत्र्याला दिला जातो. कधी तो बरोबर असतो, कधी नसतो. मारणारा प्राणी चुकीचा धरला तर उपायही चुकतो. जागेवरच्या खुणा पाहिल्या तर बहुतेक वेळा उत्तर मिळते.

कुत्र्याच्या हल्ल्यात पिसे लांबवर विखुरलेली असतात, कारण पाठलाग झालेला असतो. मेलेली कोंबडी लाळेने ओली असते, पाठ आणि कमरेचा भाग चिरडलेला असतो, शेपटाची पिसे उपटलेली असतात आणि मांस अनेकदा तसेच असते. खुराड्याची फळी ओढलेली, जाळी वाकवलेली किंवा बुडाशी माती उकरलेली दिसते. मातीत उमटलेल्या पंजात नखांच्या खुणा स्पष्ट असतात.

मुंगूस दिवसा येते, मान किंवा डोके चावते, पिले आणि अंडी नेते. त्याला शिरायला लहान फट पुरते. रानमांजर एक कोंबडी पकडून उचलून नेते, मागे मूठभर पिसे राहतात. त्याचा पंजा गोल असतो आणि नखे उमटत नाहीत. उदमांजर रात्री छपरातून उतरते. कोल्हा झुंजुमुंजू होताना किंवा अंधार पडताना कोंबडी तोंडात धरून शेताकडे पळतो. शिक्रा आणि घार दिवसाढवळ्या पिले उचलतात आणि जमिनीवर काहीच खूण राहत नाही. नाग आणि धामण अंडी व लहान पिले सबंध गिळतात, पीसही पडत नाही. घुशी रात्री बिळातून येऊन पिले ओढतात. तळोदा, अक्कलकुवा आणि शहादा तालुक्यांतल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचाही वावर आहे. त्याचा पंजा मोठा आणि नखांच्या खुणेविना असतो, आणि तो आल्यावर बहुतेकदा शेळ्या आणि कुत्रीही कमी झालेली असतात.

एक शक्यता कधीच विसरू नये. कोंबडी आधी रोगाने मेलेली असू शकते आणि कुत्र्याने फक्त मेलेली कोंबडी ओढून नेलेली असते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगाने एका घरातल्या कोंबड्या दोन-तीन दिवसांत मरतात आणि कुत्री ती प्रेते पाडाभर पसरवतात. मान वाकडी होणे, हिरवट हगवण, चोच उघडून श्वास घेणे अशी लक्षणे असलेल्या किंवा अंगावर जखम नसलेल्या कोंबड्या एकदम मेल्या, तर तो कुत्र्याचा प्रकार नव्हे. ही खबर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवायला हवी. नंदुरबार जिल्ह्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. भारतात पक्ष्यांमधला एच५एन१ बर्ड फ्लू पहिल्यांदा जाहीर झाला तो १८ फेब्रुवारी २००६ रोजी, नवापूरमध्ये. त्या वेळी लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२१च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा तीच वेळ आली. थायलंडमध्ये २००४ साली बाधित बदके खाल्लेल्या एका कुत्र्याला याच विषाणूची लागण होऊन तो मेला होता. म्हणून मेलेला पक्षी कुत्र्यापुढे टाकणे हे कोंबड्या, कुत्रा आणि माणूस या तिघांच्याही हिताचे नाही.

कोंबडीच्या जातीचा परिणाम

गावरान कोंबडी लाल रानकोंबड्याच्या वंशातली आहे. अंगाने हलकी, पायाने चपळ, आणि संध्याकाळी फांदीवर किंवा छपराच्या वाशावर चढून बसण्याची तिची ओढ अजून टिकून आहे. तिचा रंग माती-पाचोळ्यात मिसळतो. सुधारित जाती अंडी आणि वजन जास्त देतात, पण सगळ्याच इतक्या सावध नसतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात विकसित झालेली गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज या जाती परसासाठीच तयार केल्या आहेत. म्हणून त्यांचा रंग विविध आहे आणि वनराजाचे पाय लांब आहेत. तरीही वजन वाढले की त्यांना उंच उडता येत नाही. हैदराबादच्याच संस्थेची ग्रामप्रिया अंड्यांसाठी जास्त उपयोगी आणि तुलनेने हलकी आहे. नर्मदेपलीकडच्या झाबुआ भागातली कडकनाथ ही काळ्या मांसाची जात २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळवून प्रसिद्ध झाली. तिचा पक्षी महाग असल्याने एकाचे नुकसानही जास्त बोचते.

शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गट, किंवा एक दिवसाची १०० पिले अनुदानावर दिली जातात. असे पक्षी शेडमध्ये वाढलेले असतात. कुत्रा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसते. घरी आणल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांना मोकळे सोडले तर पहिल्या आठवड्यातच गट निम्मा होऊ शकतो. खुराडा आधी, पक्षी नंतर, हा क्रम मोडू नये. नवीन पक्ष्यांना आठ-दहा दिवस खुराड्यात आणि लगतच्या कुंपणात ठेवले की ते जागा ओळखतात आणि संध्याकाळी आपोआप परततात.

खुराडा, कुंपण आणि दिनक्रम

रात्रीचा खुराडा जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असला की कुत्र्याचे उकरणे वाया जाते, ओल लागत नाही आणि शीट खाली पडून खत गोळा करता येते. सातपुड्यात बांबू मिळतो आणि तो विणणारे हातही आहेत, त्यामुळे सागाच्या किंवा बाभळीच्या खांबांवर बांबूचा खुराडा घरीच उभा राहतो. रात्रीपुरती एका मोठ्या कोंबडीला एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. म्हणजे २५ पक्ष्यांसाठी सहा फूट लांब आणि पाच-सहा फूट रुंद खुराडा चालतो. आत आडव्या दांड्या हव्यात, कारण कोंबडी जमिनीपेक्षा दांडीवर शांत बसते.

दार हा खुराड्याचा सर्वांत कच्चा भाग. नुसती टेकवलेली फळी किंवा दोरीची गाठ कुत्रा सहज हलवतो. बाहेरून घट्ट बसणारी कडी आणि तिच्यात खिळा, एवढ्याने काम होते. जाळी लावायची तर कोंबडीसाठी विकली जाणारी पातळ षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दात आणि पंजा लावून ते ती फाडते. वेल्ड केलेली जाड तारेची जाळी टिकते. खुराडा जमिनीवरच असेल तर जाळीचा दीड-दोन फुटांचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा अंथरून वर दगड-माती टाकावी. कुत्रा भिंतीला लागूनच उकरतो, आणि तिथे त्याच्या पंजाखाली जाळी येते.

दिवसाच्या आवारासाठी महागडे साहित्य लागत नाही. जिल्ह्यात कापूस आणि तूर होते. वेचणी-काढणीनंतरच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या उभ्या बांधून चार-साडेचार फुटांचे कुंपण होते. बुडाशी बोरी-बाभळीच्या काट्या लावल्या की ते आणखी पक्के होते. बांबूच्या तट्ट्याही चालतात. घरची वीज थेट तारेत सोडण्याचा प्रकार मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्याने कुत्र्याआधी मूल किंवा गुरे मरतात आणि तो गुन्हाही आहे.

खुराड्याइतकाच दिनक्रम महत्त्वाचा. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात. त्यांना नऊ-दहापर्यंत आत ठेवले तर कुत्र्यांच्या फिरण्याची वेळ टळते आणि अंडीही झुडपात न पडता खुराड्यात मिळतात. मोहाच्या हंगामात हा एकच बदल सर्वाधिक उपयोगी आहे: माणसे फुले वेचून परत आल्यावर दार उघडायचे. संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या हाकेने ज्वारी-मक्याच्या कण्या टाकल्या की कोंबड्या अंधारापूर्वी गोळा होतात. त्या वेळीच त्या मोजाव्यात. रोज मोजणाऱ्या घराला नुकसान पहिल्याच दिवशी कळते.

पिलांची वेगळी काळजी लागते. पहिले सहा-आठ आठवडे पिले आईसह डालग्याखाली किंवा छोट्या झाकलेल्या आवारात ठेवावीत, डालग्यावर दगड ठेवावा. खुडूक कोंबडी परसाच्या कोपऱ्यात नको. घराच्या आत किंवा पडवीत, टोपलीत बसवावी.

हल्ला झाल्यावर

कुत्रा हुसकावल्यावर मेलेल्या कोंबड्या उचलण्याआधी जिवंत राहिलेल्या शोधाव्यात. घाबरलेली कोंबडी झुडपात किंवा लाकडांच्या ढिगाखाली आवाज न करता तासन्‌तास बसून राहते. दिवस मावळण्यापूर्वी सापडली नाही तर रात्री दुसऱ्या कोणाच्या तोंडी जाते. जखमी कोंबडीला बाकीच्यांपासून वेगळे, सावलीत आणि शांत जागी ठेवावे, कारण रक्त दिसले की इतर कोंबड्या जखमेवर टोची मारतात. जखम उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावावे. पिसांखाली दातांची खोल भोके लपलेली असतात, ती बोटाने चाचपून पाहावीत. उन्हाळ्यात माशा बसून अळ्या पडू नयेत म्हणून जखम झाकावी. जखम खोल असेल तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

मेलेली कोंबडी पुरावी, किमान दोन फूट खोल. कुत्र्यासमोर टाकली तर त्याला पुन्हा येण्याचे कारण मिळते. कुत्रा पिसाळलेला असल्याचा संशय असेल तर ती कोंबडी खाऊ नये आणि उघड्या हाताने हाताळूही नये.

कोंबडी सोडवताना माणसाला दात लागला तर कोंबडीचा विचार नंतर. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. दंडात दिल्या जाणाऱ्या लशीच्या मात्रा त्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लशीचे दिवस थोडे वेगळे असतात. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून मिरची, हळद, चुना किंवा मंत्र यांत एक तासही घालवू नये.

विष हा उपाय का नाही

नुकसान झालेल्या घराचा संताप समजण्यासारखा आहे. त्या संतापात मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक घालून ठेवले जाते. हे बेकायदा आहे आणि उपयोगाचेही नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा याला गुन्हा मानतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला ठार मारणे, विष देणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय ते विष दोषी कुत्र्यालाच लागेल असे नसते. राखणीचे कुत्रे, मांजर, मुंगूस, घार, कावळा आणि शेजाऱ्याची डुकरे-कोंबड्याही त्याला बळी पडतात, आणि परसात खेळणारे मूल तिथे हात घालू शकते. गावातले अन्न तेवढेच राहिले तर मेलेल्या कुत्र्याची जागा काही महिन्यांत बाहेरून आलेले, अनोळखी, लस न टोचलेले कुत्रे घेते.

कुत्रे पाड्याला हवेही असते. रात्री त्याच्या भुंकण्याने कोल्हा आणि रानमांजर लांब राहतात, चोराची चाहूल लागते. पण कुत्र्यांची संख्या फार वाढली की दुसरा धोका येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनात पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा वाटा ८७ टक्के निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के होता. उसाच्या कडेला मोकाट कुत्र्यांची टोळी पोसली जाणे म्हणजे बिबट्याला वस्तीजवळ बोलावणे आहे.

गावाने करायची कामे

एका घराने खुराडा पक्का केला तर कुत्रा शेजारच्या परसात जातो. म्हणून या प्रश्नाचा निम्मा भाग घराचा आणि निम्मा गावाचा आहे.

पहिले काम अन्नाचे. कोंबड्या-बकऱ्या कापल्यावरचा टाकाऊ भाग पुरण्यासाठी पाड्याचा एक झाकणाचा खड्डा हवा. आठवडे बाजारातल्या आणि रस्त्याकडेच्या चिकन विक्रेत्यांनी कचरा उघड्यावर टाकू नये, ही अट ग्रामपंचायत घालू शकते. मोठ्या पोल्ट्रीतल्या रोजच्या मेलेल्या पक्ष्यांनाही हाच नियम लागू व्हायला हवा.

दुसरे काम मालकीचे. प्रत्येक कुत्र्याला घर जोडले गेले पाहिजे. गळ्यात पट्टा, दिवसातून एकदा पोटभर खाणे, सकाळी कोंबड्या सुटण्याच्या वेळी बांधून ठेवणे, तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी एक मात्रा, एवढे मालकाने करायचे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने कुत्रा कोणाच्या हवाली केला हे ठरवून जावे. कुत्र्याचे पिल्लू डोळे उघडल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोंबड्यांमध्ये वाढले आणि त्यांच्यामागे धावल्यावर लगेच अडवले गेले, तर मोठेपणी ते बहुधा त्यांची राखण करते.

तिसरे काम संख्येचे. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे आणि शस्त्रक्रियेनंतर कुत्रे मूळ जागी सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात हीच पद्धत मान्य केली आणि रेबीज झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री तिच्यातून वगळली. रेबीजची साखळी तोडण्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुर्गम पाड्यांपर्यंत हे काम पोचायचे तर पशुसंवर्धन विभागाच्या शिबिरांची मागणी लेखी ठरावाने करावी लागते.

चौथे काम भरपाईचे. वनविभागाची भरपाई वन्य प्राण्यांनी केलेल्या हानीसाठी असते. कुत्रा वन्य प्राणी नसल्याने त्याने मारलेल्या कोंबडीला ती मिळत नाही. त्यामुळे भरपाईचा नियम गावातच व्हायला हवा. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके पूर्ण, तर नंदुरबार व शहादा हे अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४चे नियम लागू आहेत आणि पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. मालक ठाऊक असलेल्या कुत्र्याने कोंबडी मारली तर मालकाने तशीच कोंबडी द्यावी, अंड्यावरची किंवा पिलेवाली असेल तर पिलांचाही विचार व्हावा, आणि त्याच कुत्र्याने पुन्हा तसे केले तर ते बांधूनच ठेवावे, असा ठराव पंच आणि ग्रामसभा एका बैठकीत करू शकतात. ठराव लिहून ठेवला तर दर वेळी नव्याने भांडण होत नाही. कोंबड्या बायकांच्या असल्याने या बैठकीत महिला बचत गटांच्या सदस्यांनी बोलणे आवश्यक आहे.

कोणते नुकसान कशाने झाले याची साधी वही पाड्यावर ठेवली तर पुढचे निर्णय सोपे होतात. तारीख, घर, किती पक्षी, कोणत्या वेळी आणि खुणा कोणत्या, एवढ्या नोंदी पुरतात. वर्षभराच्या नोंदींवरून एकच कुत्रा वारंवार येतो की टोळी येते, मोहाच्या दिवसांत नुकसान जास्त होते की पावसाळ्यात, आणि कोणत्या घरांना खुराड्यासाठी मदत आधी द्यायला हवी, हे दिसते. तलंगांचा पुढचा गट मागताना किंवा लसीकरणाचे शिबिर मागताना हीच वही ग्रामसभेचा पुरावा ठरते.